यादीतली तिसरी गोष्ट : पंडिता रमाबाईंच्या ‘साक्षी’चं रसग्रहण

पंडिता रमाबाईंच्या ‘साक्षी’त एक लांबलचक वाक्य आहे. तारणासाठी आता कशाकशावर भिस्त ठेवायची गरज उरली नाही, हे त्या तिथे एका दमात सांगून टाकतात. जातीवर नाही, बाई की पुरुष यावर नाही, कर्मावर नाही आणि कुणा माणसावरही नाही. देव आपल्या पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही ते फुकट देतो. मराठी वाचक या यादीवरून सहज पुढे सरकतो. जात गेली, बरं झालं. स्त्री-पुरुष भेद गेला, तेही बरं. मधले पुरोहित गेले, त्यालाही आपली ना नाही. तिसऱ्या गोष्टीपाशी मात्र त्याने थबकायला हवं, आणि नेमका तिथेच तो थांबत नाही. कर्मावर नाही, हे म्हणतंय कोण? ज्या बाईंनी केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, दोन हजारांच्या घरात बायका-मुलींना घास आणि छप्पर दिलं, शेती केली, छापखाना चालवला, त्या हे म्हणताहेत.

ही गाठ सुटली की साक्ष कळते. नाही सुटली तर रमाबाईंचे दोन तुकडे होतात. एक तुकडा समाजसुधारकांच्या पंगतीत बसतो, दुसरा मंडळीच्या उपासनेत. दोघांची ओळख राहत नाही. ख्रिस्ती तारणात विश्वास आणि सत्कर्म यांचं नातं काय, हा प्रश्न युरोपातल्या जाड ग्रंथांत शेकडो वर्षं भांडला गेला. मराठी मुलखात तो एका बाईने स्वतःच्या पायांनी चालून, उपाशी राहून आणि मग राबून सोडवला. साक्षीचं मोल मला त्यात वाटतं.

हे छोटंसं इंग्रजी पुस्तक 1907 साली केडगावहून निघालं. नाव ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’, म्हणजे कधी न आटणाऱ्या ठेव्याची साक्ष. साक्ष हा मंडळीतला जुना प्रकार आहे. माणूस उभा राहतो आणि आपण प्रभूकडे कसे आलो ते सांगतो. त्याचा साचाही ठरलेला असतो: आधी अंधार, मग एक क्षण, मग उजेड. रमाबाई हा साचा घेतात आणि मोडतात. त्यांच्या गोष्टीत उजेड दोनदा पडतो, मध्ये आठ वर्षांचं अंतर आहे, आणि पहिला उजेड खोटा होता असं त्या कुठेही म्हणत नाहीत.

तीर्थांचा हिशेब

पहिला भाग चालण्याचा आहे. 1858 साली गंगामूळच्या रानात जन्मलेली ही मुलगी चालायलाही शिकली नव्हती तेव्हापासून कुटुंब तीर्थाटनाला निघालेलं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला होता, तरी ते हटले नव्हते. मुलीलाही आईकडून संस्कृत मिळालं. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर भागवायचं आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरायची, असा त्यांचा संसार होता.

या भागाचा सूर ऐकण्यासारखा आहे. त्यात हळहळ फारशी नाही, हिशेब आहे. कोणती स्नानं केली, कोणते उपास धरले, दान कोणाला दिलं, देवळांना किती प्रदक्षिणा घातल्या, हे सगळं वहीत टिपल्यासारखं येतं. आणि त्यात ढोंग अजिबात नाही. शास्त्राने सांगितलं ते या कुटुंबाने मनापासून, काटेकोर आणि परवडेनासं होईपर्यंत केलं. दानधर्माने गाठीचा पैसा संपला. तो संपला तेव्हा दान घेणारेही दिसेनासे झाले.

टाळाटाळ करून फसलेल्या माणसाची ही गोष्ट नाही, हे इथेच ध्यानात घ्यायला हवं. कर्माने काही साधत नाही असं आळशी माणूस म्हणाला तर त्याला कोण विचारतो? पौल हे म्हणतो तेव्हा तो कडक नियमपालन करणारा परूशी होता, त्या नियमांच्या कसोटीवर आपल्यात खोट नव्हती, असं फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच सांगतो. ल्यूथर हे म्हणतो तेव्हा त्याच्या मागे मठातली कठोर वर्षं असतात. कर्माची मर्यादा ज्यांनी सर्वांत धारदारपणे सांगितली ते सगळे कर्मात पहिल्या नंबरने पास झालेले होते. रमाबाई त्याच रांगेत बसतात. फरक एवढाच की त्यांची पाठशाळा मठाच्या चार भिंतींत नव्हती. ती दक्षिणेतल्या क्षेत्रांपासून उत्तरेतल्या घाटांपर्यंत पसरली होती.

मग दुष्काळ येतो. दुष्काळावर रमाबाईंनी 1897 साली वेगळंही लिहिलं, आणि ते साक्षीच्या शेजारी ठेवूनच वाचावं. मद्रास इलाख्यात 1870च्या दशकात कुटुंबाची उपासमार झाली. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर. भीक मागणं कुळाला शोभत नाही आणि अंगमेहनत कधी केलेली नाही. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मुलगा पुढे आला आणि मी मोलमजुरी करतो म्हणाला. त्या घरात कष्ट हा शब्द तारणाच्या नव्हे, पोटाच्या अर्थाने पहिल्यांदा उच्चारला गेला तो असा. 1874 साली वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण.

इंदापूर तालुक्यातल्या वाचकाला हे दशक परकं नाही. नीरेच्या खोऱ्यातलं, वालचंदनगरला लागून असलेलं कळंब आज उसाच्या हिरव्या पट्ट्यात आहे. पण नीरा डाव्या कालव्याला 1885 साली पाणी आलं त्याआधी हा सगळा अवर्षणाचा मुलूख होता. 1875 साली सावकारांच्या विरोधात सुप्याच्या बाजारात दंगा पेटला तो इथून फार लांब नाही, आणि पाठोपाठ 1876-77चा दुष्काळ आला. रमाबाईंचं घर तिकडे मद्रास इलाख्यात मोडलं, त्याच दशकात इकडेही जनावरं आणि माणसं त्याच प्रश्नापुढे उभी होती: एवढं सगळं देवाचं केलं, मग पाऊस कुठे आहे?

खुर्च्यांची पूजा

उरलेली दोघं भावंडं, श्रीनिवासशास्त्री आणि रमा, शेकडो कोस पायी चालत 1878 साली कलकत्त्याला पोचली. साक्षीतला सर्वांत गमतीचा प्रसंग इथला. ख्रिस्ती लोकांनी त्यांना एका मेळाव्याला बोलावलं. कोट-पाटलोणीतले देशी लोक, चहा, बिस्किटं, काय शिवलं जातंय आणि काय खाल्लं जातंय याचा धरबंद नाही. कलियुग पुरतं आलं, अशी त्या दोघांची खात्रीच पटली. मग कुणी एक पुस्तक उघडून वाचलं आणि सगळे आपापल्या खुर्चीपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बोलू लागले. समोर मूर्ती कुठेच नाही. तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात, असा भावंडांनी अर्थ लावला.

हा प्रसंग सांगताना रमाबाई हसताहेत, पण कोणाला? खुर्चीपुढे वाकणाऱ्यांना, की त्यांच्याकडे डोळे विस्फारून बघणाऱ्या आपल्यालाच? वाचताना वाटतं, दोघांना. दगडापुढे वाकण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना लाकडापुढे वाकणारा माणूस विचित्र दिसला, हा विनोद त्या न फोडता तसाच ठेवतात. त्यामागे एक गंभीर गोष्टही आहे. बाहेरून पाहणाऱ्याला विश्वास दिसत नाही, विश्वासाची हालचाल तेवढी दिसते. ख्रिस्ती उपासना त्यांना पहिल्यांदा दिसली ती आणखी एक कर्मकांड म्हणून. हालचालीवरून आतलं ओळखायचं कसं, हा प्रश्न त्या प्रसंगात पेरला जातो आणि पाच वर्षांनी फुलहॅमला उगवतो.

फुलहॅमचं घर

मधली वर्षं साक्षीत झरझर जातात. कलकत्त्यात पंडितांनी केलेला सत्कार, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, मुलगी मनोरमा, 1882 साली पटकीने गेलेले पती, पुण्यात काढलेला आर्य महिला समाज. चरित्रकार जिथे प्रकरणंच्या प्रकरणं लिहितील तिथे साक्षीची लेखणी थबकत नाही. जगाला माहीत असलेल्या रमाबाई या पुस्तकात फार थोड्या दिसतात. हा विनय आहे असं म्हणून भागत नाही. गोष्ट कशाची आहे हे लेखिकेला पक्कं ठाऊक आहे, आणि त्या गोष्टीच्या बाहेरचं सगळं तिने छाटलं आहे.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या सिस्टर्सकडे राहिल्या. तिथून त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातली घरं दाखवायला नेण्यात आलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना सिस्टर्स तिथे सांभाळत होत्या, आजारपणात उशाशी बसत होत्या, पुन्हा उभं करत होत्या. रमाबाईंनी असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. अशा बाईला शिक्षा देणारी शास्त्रं त्यांना तोंडपाठ होती. तिला हात देणारं घर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी शिकवणाऱ्या सिस्टरला सरळ विचारलं, या बायकांची काळजी घ्यावी असं तुम्हाला का वाटतं? सिस्टरने वाद घातला नाही. योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

या उत्तराची बांधणी बघण्यासारखी आहे. प्रश्न कामाबद्दल होता आणि उत्तर एका व्यक्तीबद्दल आलं. हे आम्ही पुण्य लागावं म्हणून करतो, असं सिस्टर म्हणाली असती तर रमाबाईंना ती भाषा घरचीच वाटली असती, आणि बहुधा विषय तिथेच मिटला असता. पुण्याच्या हिशेबात त्या तिच्याहून अनुभवी होत्या. शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीत मात्र हिशेब नाही. पाच नवरे झालेल्या त्या बाईकडे येशू आधी पाणी मागतो, तिला काही कमवायला लावत नाही. फुलहॅमच्या खोल्यांत जे चाललं होतं त्याचं मूळ त्या विहिरीपाशी आहे, हे रमाबाईंच्या मनाला तिथे पटलं. बुद्धीला पटायला ख्रिस्ती झालेले पंडित नेहेम्या गोऱ्हे यांचं पुस्तक वाचावं लागलं. 1883च्या 29 सप्टेंबरला मायलेकींचा वाँटेजला बाप्तिस्मा झाला.

ही पहिली पायरी याकोबाच्या पत्राची आहे. तुझा विश्वास कर्मांवाचून दाखव बघू, असं आव्हान त्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. उघड्या-उपाशी भावाबहिणीला नुसतं कोरडं ‘सुखी राहा’ म्हणणाऱ्याची तिथे चांगलीच हजेरी घेतली आहे. कलकत्त्याला रमाबाईंनी विश्वासाची हालचाल पाहिली आणि त्यांना खुर्ची दिसली. फुलहॅमला हालचाल पाहिली आणि त्यामागचा माणूस दिसला. कामं जर तारणाच्या वाटेवर कुचकामाची असती तर रमाबाई ख्रिस्तापर्यंत पोचल्याच नसत्या. फक्त ती कामं त्यांची स्वतःची नव्हती, दुसऱ्यांची होती.

आठ वर्षं

आता साक्षीतलं सर्वांत अनपेक्षित वळण. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी रमाबाईंच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, तो चांगलाही आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही. ही कबुली कोणत्या काळाची आहे ते पाहावं. साल 1891च्या आसपास. 1887 साली अमेरिकेत त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं पुस्तक गाजलं होतं. 1889च्या मार्चमध्ये मुंबईला शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. बालविधवा शिकत होत्या, रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार होती. जगाच्या मापाने हातून चांगलं काम घडत होतं, आणि ते करणारी बाई लिहिते की आत काहीतरी राहून गेलं होतं.

विल्यम हॅसलम या इंग्लिश पाळकाचं आत्मकथन त्या सुमारास त्यांच्या हाती लागलं. हा पाळक 1851 साली कॉर्नवॉलमधल्या आपल्याच चर्चमध्ये, स्वतःचं प्रवचन चालू असताना पालटला म्हणून प्रसिद्ध होता. इतरांना सांगता सांगता सांगणाऱ्यालाच ऐकू आलं, असा तो किस्सा. रमाबाईंना तो का भिडला असेल हे उघड आहे. पुराण सांगणाऱ्याच्या घरात त्यांचं बालपण गेलं होतं. बोलणारा कोरडा राहू शकतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, आणि आता तीच शंका त्यांना स्वतःबद्दल आली होती. बाप्तिस्मा, उपासना, बायबलचं वाचन, विधवांची सेवा ही नव्या धर्मातली तीर्थं झाली होती का?

यादीतली तिसरी गोष्ट इथे आपल्या जागी बसते. ‘कर्मावर नाही’ म्हणताना रमाबाई नुसती जुनी तीर्थयात्रा टाकत नाहीत, शारदा सदनही त्या पारड्यातून उतरवून ठेवतात. सदन बंद करत नाहीत, फक्त तारणाच्या वजनात ते धरत नाहीत.

दोन अब्राहाम

आता पौल आणि याकोब समोरासमोर ठेवून पाहू. दोघांनी एकाच माणसाचा दाखला घेतला आहे, अब्राहामाचा. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल त्याच्या आयुष्यातला सुरुवातीचा प्रसंग उचलतो. मूलबाळ नाही, वय झालेलं आहे, तरी तो देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि नीतिमान गणला जातो. याकोब बऱ्याच वर्षांनंतरचा प्रसंग घेतो, इसहाकाला वेदीवर ठेवण्याचा, आणि म्हणतो की विश्वास तिथे कृतीत पुरा झाला. जोडीला तो यरीहोच्या राहाब वेश्येचं नाव ठेवतो, जिने हेरांना घरात लपवलं. ल्यूथरला याकोबाचं पत्र गवताच्या काडीसारखं हलकं वाटलं. 1547 साली कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने ल्यूथरच्या मताविरुद्ध आपला निर्णय लिहिला. कॅथॉलिक चर्च आणि ल्यूथरन महासंघ यांनी एकत्र बसून, तारण कृपेनेच मिळतं आणि सत्कर्मं त्यातून उगवतात अशा समान निवेदनावर सह्या केल्या त्या थेट 31 ऑक्टोबर 1999ला, ऑग्सबर्ग गावी.

पौलाचा मुद्दा कळंबच्या शिवारात समजावून सांगायला मोठी सोपी सोय आहे. राबणाऱ्याला मिळते ती मजुरी, ते कुणाचे उपकार नव्हेत, तो हक्क झाला. कृपा तशी नाही, असं पौल म्हणतो. कारखान्याच्या हंगामाआधी ऊसतोडीची टोळी मुकादमाकडून उचल घेते. मग एकेक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटेपासून ती फेडत राहते आणि पुष्कळदा हंगाम सरला तरी उचल अंगावर उरते. कृपा मानणारेही ती अशी उचलीसारखी घेतात: देवाने आधी दिलं, आता सेवा करून फेडू. रमाबाईंनी तीर्थाच्या वाटेवर मजुरीचा धर्म केला होता. बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांत त्या नकळत उचलीच्या धर्मात शिरल्या होत्या, असं साक्ष वाचताना वाटतं. 1891नंतर दोन्ही सुटले. मालकाच्या घरातलीच झालेली मुलगी शेतात राबते तेव्हा कष्ट तेवढेच असतात, किंबहुना जास्त, पण तिच्या नावाची वही कुठे नसते.

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने हे दोन्ही एकाच श्वासात सांगितलं आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, कोणी फुशारकी मारू नये म्हणून. आणि लगेच पुढे, आपण घडवले गेलो ते सत्कर्मांसाठी. क्रम ठरलेला आहे. कर्म मुळाशी नाही, फळाच्या जागी आहे. याकोब फळ नसलेल्या झाडाला वठलेलं म्हणतो, तेव्हा तो पौलाचा शेवटचा मुद्दाच दामटून सांगत असतो.

पंधराचा वर्ग

साक्षीचा उत्तरार्ध वाचताना भाषेतला एक बदल जाणवतो. पूर्वार्धात करणारे ‘आम्ही’ होतो: आम्ही न्हालो, आम्ही उपास केले, आम्ही दिलं. उत्तरार्धात करणारा देव आहे. त्याने पाठवलं, त्याने पुरवलं, त्याने दाखवलं. काम वाढत जातं तसा ‘मी’ मागे सरतो. जेव्हा काहीच पदरी नव्हतं तेव्हा कर्त्याची जागा भरगच्च होती, आणि अवाढव्य काम उभं राहिलं तेव्हा ती रिकामी झाली. साक्षीच्या गद्यातलं मर्म मला इथे सापडलं.

1895 साली लोणावळ्याच्या मेळाव्याचा प्रसंग पाहा. आपल्या पंधरा मुली विश्वासात आल्या याचा आनंद रमाबाईंना झाला होता, आणि त्यांनी देवाकडे या संख्येचा वर्ग मागितला. पंधरा पंधरं दोनशे पंचवीस. इतकी चोख आकडेमोड करून प्रार्थना करणारी बाई विरळा. पाठोपाठ 1896-97चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या भुकेल्या मुलींच्या बातम्या वाचून त्यांना स्वतःचे अकरा दिवस आठवले. त्या उठून तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती सदन वसलं. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. पैशाची हमी नव्हती. ब्रिस्टलला कुणाकडे न मागता अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरचं चरित्र त्यांनी वाचलं होतं, आणि तोच कित्ता पुढे ठेवला.

केडगावात एक घर उभं राहिलं, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी. त्याचं नाव कृपा सदन. फुलहॅमला जे पाहून त्या चकित झाल्या होत्या तेच पुणे जिल्ह्यात विटा-मातीत उतरलं. अंध मुलींना शिकवण्याची सोय झाली, विणकाम झालं, छापखान्यात मुली खिळे जुळवू लागल्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोपं मराठी भाषांतर करत बसल्या, ते 5 एप्रिल 1922ला मरण येईपर्यंत. कर्मावर भिस्त नाही असं लिहिणाऱ्या बाईची ही दिनचर्या. तारणाची काळजी मिटलेल्या माणसाच्या हातात केवढा वेळ मोकळा होतो, ते इथे दिसतं.

न पटणाऱ्या जागा

रसग्रहण म्हणजे आरती नव्हे, तेव्हा खटकणाऱ्या जागाही सांगायला हव्यात. पहिली त्या आकड्याचीच. प्रार्थनेतला दोनशे पंचवीस हा आकडा आणि दुष्काळातल्या उपाशी मुली एकाच हिशेबात आल्या की आजचा वाचक अस्वस्थ होतो, आणि ते योग्य आहे. घास आणि बाप्तिस्मा यांच्यामधलं अंतर किती राखलं गेलं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. 1893 साली शारदा सदनातल्या धर्मप्रभावावरून पुण्यात वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले, ‘केसरी’ने झोड उठवली. विरोधकांचा आरोप साधा होता: सत्कर्म हे आमिष आहे. साक्षीतला देवशास्त्रीय उलगडा या आरोपाला पुरं उत्तर देत नाही. कर्म तारणाची किंमत नाही हे मान्य केलं, तरी देणाऱ्याच्या मनात ते विश्वासाकडे ओढण्याचं साधन होऊ शकतं. याकोबाच्या उदाहरणातला उघडा-उपाशी भाऊ मंडळीतलाच आहे. मंडळीबाहेरच्या भुकेल्याचं काय, याचं उत्तर मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शोधावं लागतं. तिथे खाऊ घालणाऱ्यांना आपण कोणाला खाऊ घातलं याचा पत्ताच नसतो. साक्षीत तो बेपत्तापणा क्वचित भेटतो.

दुसरी जागा तीर्थांबद्दलच्या कडवटपणाची. साक्षीचा रोख स्नान, व्रत, दान आणि शास्त्रांचा अधिकारभेद यांवर आहे. त्या अनुभवाच्या मर्यादेत तो न्याय्य आहे. पण देवाच्या दयेवर सगळा भार टाकणारी, कर्मठपणाला टोचणारी वारकऱ्यांची वाट केडगावच्या शेजारूनच जाते. तुकोबांची पालखी यवतहून चौफुल्यावरून वरवंडला, मग बारामती, सणसर, बेलवाडीचं रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला पोचते. साक्ष या वाटेपाशी थांबत नाही. नारायण वामन टिळकांनी मात्र आपण तुकोबांच्या आधाराने ख्रिस्तापर्यंत आलो असं मानलं, आणि त्यांच्या लेखनात म्हणून एक मऊपणा आला. रमाबाई शास्त्र्याच्या घरातून निघाल्या. त्यांना हिंदू धर्म भेटला तो अधिकार, निषेध आणि प्रायश्चित्त यांच्या रूपात. बाईला आणि शूद्राला मोक्षाचा दरवाजा बंद, हे त्यांनी पोथीत वाचलं होतं आणि अंगावर सोसलं होतं. यादीत कर्माच्या आधी जात आणि लिंग का आलं, ते यावरून कळतं. ज्या कर्माचा अधिकारच जन्मावर ठरतो, ते तारणाचं साधन मानलं तर निम्म्याहून अधिक माणसं बाहेर राहतात. कर्म हटवलं तेव्हाच दार सगळ्यांना उघडलं. यादीतल्या तिसऱ्या गोष्टीवर पहिल्या दोन उभ्या आहेत.

म्हणून ‘कर्मावर नाही’ हे साक्षीतलं सर्वांत सुधारकी विधान मानावं असं मला वाटतं. पाठ्यपुस्तकात रमाबाई येतात त्या विश्वास वगळून, आणि मंडळीतल्या प्रवचनात येतात त्या बहुतेकदा हात-पाय वगळून. पहिल्यांना वाटतं, काम मोठं होतं, धर्म खाजगी होता. दुसऱ्यांना वाटतं, साक्ष दिली की झालं. याकोब दोघांनाही पुन्हा दुसऱ्या अध्यायाकडे पाठवेल. रमाबाईंनी केलं ते त्यांच्या विश्वासातून तोडलं तर शारदा सदन ते कृपा सदन या वाटेचा उलगडा होत नाही. आणि त्यांचा विश्वास कामातून तोडला तर 1878च्या कलकत्त्यात दोन भावंडांनी जे पाहिलं तेवढंच हाती उरेल: डोळे मिटून खुर्चीपुढे वाकलेली माणसं. त्या भावंडांचा तो गैरसमज होता खरा, पण मंडळीने दर रविवारी स्वतःला विचारावा असा प्रश्न त्यात आहे. बाहेरून बघणाऱ्याला आपण आज कशाची पूजा करताना दिसलो?